वडिलांचे दात लवकर गेले, म्हणून मी जनुकीय चाचणी करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३३ वर्षांचे, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे. वडिलांचे जवळजवळ सगळे दात पंचेचाळिशीत गेले, आजीला तर त्यांनी कवळीशिवाय पाहिलंच नाही. स्वतःच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून करायच्या एका जनुकीय चाचणीची जाहिरात त्यांनी पाहिली. तिच्यात हिरड्यांच्या आजाराचा धोकाही सांगतात म्हणे. बायको सख्ख्या मामाची मुलगी, आणि मुलगी चार वर्षांची. चाचणी करावी का? मुलीचीही करावी का?

तुमची करू नका. मुलीचीही बहुधा नको, पण तिच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी बघायच्या आणि मग नको म्हणायचं. त्या खाली सांगतो.

आधी तुमच्या शंकेत तथ्य किती, ते बघू. हिरड्यांचा आजार सगळ्यांना सारखा होत नाही, हे अगदी खरं. याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्या शेजारचाच आहे. १९७० पासून श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडाची वर्षानुवर्षं तपासणी झाली. ही माणसं ब्रश वापरत नव्हती आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलेली नव्हती. किटण सगळ्यांच्याच दातांवर, हिरड्याही सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरी १९८६ मध्ये आलेल्या निष्कर्षात तीन गट स्पष्ट दिसले. सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. झपाट्याच्या गटातल्यांचे दात विशीतच पडायला लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत तोंड रिकामं झालं. मधल्या गटात त्याच वयापर्यंत साधारण सात दात गेले होते. मळा एक, काम एक, अस्वच्छता सारखीच, आणि फरक एवढा. तुमचे वडील त्या ८ टक्क्यांतले असू शकतात.

हा फरक किती जनुकांचा, हे जुळ्यांवरून पाहिलं गेलं. २००० साली अमेरिकेत ११७ प्रौढ जुळ्या जोड्यांचा अभ्यास आला. एका बीजाची जुळी आणि दोन बीजांची जुळी यांची तुलना करून, आजारातल्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असावा असं त्यात निघालं. पुढे सगळे अभ्यास एकत्र मांडल्यावर हा आकडा खाली आला, पण शून्यावर आला नाही, आणि आजार जितका तीव्र तितका आनुवंशिक वाटा मोठा दिसला.

इथे एक गल्लत बहुतेक जण करतात. 'निम्मा वाटा आनुवंशिक' याचा अर्थ तुमच्या तोंडातला निम्मा आजार वडिलांकडून आला, असा होत नाही. तो आकडा लोकसमूहातल्या माणसामाणसातल्या फरकाचा असतो, एकेका माणसाचा नसतो. आणि आनुवंशिक वाटा आहे म्हणजे तो चाचणीत सापडतोच, असंही नाही.

शिवाय घरातून येतं ते सगळं जनुकांतूनच येतं असं कोण म्हणालं? आपल्याकडे आजी मिश्री लावते, आईला तिची सवय लागते, वडील कारखान्यात तंबाखू-चुना मळून दाढेखाली धरतात. ब्रश सकाळी एकदाच, तोही दोन मिनिटांच्या आत. हिरड्यांना त्रास देणारे काही जंतूही आईबापाच्या लाळेतून मुलाच्या तोंडात येतात. 'आमच्या घराण्यातच दात टिकत नाहीत' असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, घराण्यात मिश्री कोण कोण लावायचं? उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं. मिश्री हा भाजलेला तंबाखूच, ती दात स्वच्छ करायचं औषध नव्हे. ज्या जागी बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात आणि तोंडात पांढरे चट्टे येतात ते वेगळंच. तुमच्या आजीबद्दल हे घरी जरूर विचारा.

आता चाचणीकडे येऊ. ही कल्पना जाहिरातवाल्यांची नवी नाही. १९९७ मध्ये एका संशोधनात असं दिसलं की इंटरल्युकिन-१ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांत दोन ठिकाणी ठरावीक बदल असलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या लोकांत तीव्र आजार जास्त आढळतो. त्यावर 'पीएसटी' नावाची चाचणी अमेरिकेत लगेच बाजारात आली. 'सिगारेट न ओढणाऱ्या' हे शब्द मात्र सोडू नका. ओढणाऱ्यांत हा संबंध दिसलाच नाही, कारण तंबाखूचा परिणाम इतका मोठा की जनुकाचा आवाज त्यात बुडून गेला. ज्या शहरात हजारो घरांत बायका विड्या वळतात आणि पानटपरी दर चौकात आहे, तिथे ही बाब फार बोलकी आहे.

दुसरी अडचण साध्या हिशोबाची. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३० टक्के लोक या चाचणीत 'पॉझिटिव्ह' निघतात. म्हणजे दर तीन माणसांत जवळपास एक. त्यांतल्या बहुतेकांचे दात म्हातारपणापर्यंत शाबूत राहतात, आणि 'निगेटिव्ह' निघालेल्यांतही दात गमावणारे भरपूर असतात. चिनी वंशाच्या लोकांत हेच प्रमाण २.३ टक्के निघालं. हिरड्यांचा आजार चिनी लोकांतही भरपूर आहे, मग तिथे या चाचणीनं शोधायचं तरी काय? भारतीयांवरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढे संपूर्ण जनुकसंच धुंडाळणारे मोठे अभ्यास आले. २०१० मध्ये जीएलटी६डी१ हे जनुक पुढे आलं, नंतर सिग्लेक-५ आणि आणखी काही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडलेला एक भाग हिरड्यांच्या आजाराशीही जोडलेला निघाला. शास्त्र म्हणून हे फार मोलाचं आहे. पण एकेका जनुकाचा परिणाम चिमूटभर, आणि बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची. तुमच्या किटच्या रिपोर्टात 'धोका सरासरीपेक्षा जास्त' असं लाल अक्षरात छापून येईल ते अशाच तुकड्यांची बेरीज करून. सोलापूरच्या माणसाला त्यातली सरासरी कोणाची, हे विचारायचा हक्क आहे.

या चाचण्यांचा दुसरा उपयोग कसा सुचवला गेला, तेही ऐका. २०१३ मध्ये अमेरिकेत एका विमा कंपनीच्या ५,११७ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून असं मांडलं गेलं की धूम्रपान, मधुमेह आणि हा जनुकप्रकार या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर वर्षातून एकदाच दात साफ करून घेतले तरी चालेल. म्हणजे जनुकाच्या आधारावर सफाईला कात्री. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि असा निष्कर्ष काढायला आधार नाही, असं सांगितलं. माझी खरी भीती हीच आहे. 'पॉझिटिव्ह' आलेला माणूस घाबरून निदान डॉक्टरकडे येतो तरी. 'निगेटिव्ह' आलेला रक्त येत असूनही निर्धास्त बसतो.

मग तुमची प्रवृत्ती ओळखायची कशी? त्यासाठी लाळ कुठे पाठवायची गरज नाही, खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची सळई, म्हणजे प्रोब, तिच्यात अलगद सरकवतो. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. मी आकडे बोलतो, सहायक लिहून घेते: तीन, दोन, तीन, पुढचा दात, तीन, दोन, पाच, रक्त. तीनपर्यंत ठीक. चार-पाचला लक्ष द्यायचं. सहा-सातला त्या खाचेचा खोल खिसा झालेला असतो आणि तिथे ब्रश पोचायचा प्रश्नच नाही. तुमच्या वयाच्या माणसात पुढचे दात दोन-तीनवर आणि दाढांच्या मधल्या फटी सात-आठवर, असं चित्र आलं की माझे कान टवकारतात.

त्यानंतर एक्सरे. दाताच्या मुळाची किती टक्के उंची हाडाने सोडली आहे, ते सगळ्यात वाईट दाताला मोजायचं आणि त्याला वयाने भागायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हाच भागाकार आहे. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आलं तर आजाराची गती मंद, ०.२५ ते १ म्हणजे मध्यम, १ च्या वर म्हणजे वेगवान. समजा साठ वर्षांच्या माणसाचं ४० टक्के हाड गेलंय. ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. मध्यम. तेवढंच हाड तुमचं ३३ व्या वर्षी गेलं असेल, तर १.२१. वेगवान. झीज तीच, पण दोघांची प्रकृती वेगळी.

या भागाकारात तुमची जनुकं आलीच की. वडिलांकडून आलेली, आईकडून आलेली, शोध लागलेली आणि न लागलेली, सगळी. त्यात तुमची ब्रशची सवय, तंबाखू आणि साखरही आली. तेहतीस वर्षं या सगळ्यांनी मिळून जे केलं, ते हाडावर दिसतं. लाळेतली चाचणी त्यातला एक बारीक तुकडा घेऊन अंदाज बांधते, आणि एक्सरे प्रत्यक्ष झालेलं दाखवतो. प्रत्यक्ष समोर असताना अंदाज विकत कशाला घ्यायचा?

त्याच वर्गीकरणात गती वाढवणाऱ्या दोन गोष्टींना स्वतंत्र जागा आहे: दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ७ टक्के किंवा वर. जनुकाला तिथे रकाना नाही. साखरेची तपासणी तुमच्या वयातही करून घ्या, विशेषतः घरात कोणाला मधुमेह असेल तर. हिरड्या आणि साखर यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांचा नीट उपचार केला की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.४ टक्क्यांनी उतरते. तसंच, विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. 'माझ्या हिरड्यांतून कधी रक्तच येत नाही' म्हणत येणाऱ्या विडीबाजाचे खिसे आठ मिलिमीटरचे निघतात. घरात कोणी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत असेल आणि हिरड्या दातांवर चढल्यासारख्या फुगल्या असतील, तर तो गोळीचाही परिणाम असू शकतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, फिजिशियनशी बोलायचं.

तुमचं रक्त येणं ही कदाचित नुसती हिरड्यांची सूज असेल. ती सफाईने पूर्ण बरी होते. हाड गेलं असेल तर ते बहुतेक वेळा परत येत नाही, पण आहे तिथे थांबवता येतं, आणि हे वेगवान गटातल्यालाही लागू आहे. त्या श्रीलंकेच्या मजुरांना उपचार मिळाले नव्हते, हे विसरू नका.

'मशीनने साफ केलं की दात हलायला लागतात' हे मला साखर पेठेपासून होटगी रोडपर्यंत सगळीकडून ऐकायला मिळतं. दात आधीच हललेले असतात. किटणाच्या दगडाने त्यांना एकमेकांना चिकटवून धरलेलं असतं, तो निघाला की हलणं जाणवतं. आणि लोक येतात कधी? कडक भाकरी चावेनाशी झाली की. तोवर ती आमटीत भिजवून, मग नुसती मऊ चपाती, असं करत वर्षं काढलेली असतात.

आता मुलीबद्दल. इथे माझा सूर बदलतो, कारण हिरड्यांच्या काही आजारांत जनुकीय चाचणी खरोखर लागते. ते आजार अतिशय दुर्मिळ आहेत, पण निदान चुकलं तर पोराचं अख्खं तोंड जातं.

पापिलॉं-लेफेव्र सिंड्रोम हा त्यातला मुख्य. १९२४ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि १९९९ मध्ये त्याचं जनुक सापडलं: सीटीएससी, ११ व्या गुणसूत्रावरचं. ते कॅथेप्सिन-सी नावाचं विकर बनवतं. हे विकर नसेल तर पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत. दहा लाखांत एक ते चार मुलांत हा आजार दिसतो. दुधाचे दात वेळेवर येतात, मग हिरड्या लालभडक होऊन फुगतात, पू येतो, आणि चार-पाच वर्षांचं होईपर्यंत न किडलेले दात एकामागून एक गळून पडतात. दात पडले की हिरड्या आपोआप शांत होतात, त्यामुळे आईबापांना वाटतं, चला, बरं झालं. कायमचे दात आले की तेच पुन्हा, आणि सोळा-सतराव्या वर्षी कवळी.

ओळखायची खूण तोंडात नाही, तळहातात आहे. मुलाचा हात हातात घ्या. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत, पिवळसर, भेगाळलेले, थंडीत आणखी वाईट. कधी कोपर-गुडघ्यांवरही तसंच. असं मूल आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जातं, मलम घेऊन येतं. दातांसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जातं, ते 'दुधाचे आहेत, पडणारच' म्हणतात. दोन तक्रारी एका आजाराच्या आहेत हे कोणी जोडतच नाही. म्हणून माझ्याकडे हिरड्या सुजलेलं लहान मूल आलं की मी तोंड उघडायला सांगायच्या आधी हात दाखवायला सांगतो.

मामाच्या मुलीशी लग्नाचा संबंध इथे येतो. हा आजार व्हायला बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस निव्वळ वाहक, त्याचे दात आणि हात ठणठणीत. नात्यातल्या नवराबायकोत एकाच पूर्वजाकडून आलेली तीच जनुकीय चूक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक अशी शक्यता. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि मराठी घरांतही मामाची मुलगी करायची रीत जुनी आहे. ती चूक की बरोबर, हा विषय दातांच्या डॉक्टरचा नाही. साधारणपणे कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता २-३ टक्के धरतात, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या जोडप्यात ती जवळपास दुप्पट. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. तुमची मुलगी निरोगी असेल तर नुसत्या नात्यामुळे तिची चाचणी करायचं कारण नाही.

संशय आलाच तरी थेट जनुकाकडे धाव घेऊ नये. आधी स्वस्त तपासण्या. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी किती ते बघायचं, आणि गरज पडली तर थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा, कारण अशा आजारांच्या एका प्रकारात त्या पेशी ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतात. आणि अल्कलाइन फॉस्फटेज, हे रक्तातलं एक विकर. दुधाचे दात सूज नसताना, अख्ख्या मुळासकट, फार लवकर पडले तर हायपोफॉस्फटेशिया, म्हणजे हाडं आणि दात नीट घट्ट न होण्याचा जनुकीय आजार, मनात आणायचा. त्यात हे अल्कलाइन फॉस्फटेज कमी असतं. गंमत म्हणजे लॅबचं आणि आपलंही लक्ष ते वाढलंय का याकडेच असतं, आणि लहान मुलांत ते मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असायला हवं हे रिपोर्टवर बऱ्याचदा छापलेलं नसतं. मोठ्यांच्या पट्टीने 'नॉर्मल' दिसणारा आकडा मुलासाठी कमी असू शकतो. म्हणून हा रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांना दाखवा, स्वतः वाचून फाइलला लावू नका.

त्यानंतरच जनुकीय चाचणी, तीही लक्षणांवरून नेमकं जनुक ठरवून, रक्ताच्या नमुन्यावर, जनुकीय समुपदेशकाशी बोलून. घरबसल्या किटमध्ये असे दुर्मिळ बदल बहुधा तपासलेच जात नाहीत, त्यामुळे तिथला 'सामान्य' शेरा इथे उपयोगाचा नाही. हैदराबादला सीडीएफडी ही सरकारी संस्था जनुकीय निदानाचं काम करते, पुण्या-मुंबईतही सोय आहे. निदान पक्कं झालं तर उपचार खरोखर बदलतो. आशा नसलेले दुधाचे दात कायमचे दात यायच्या आधी काढून टाकायचे, प्रतिजैविकं योग्य वेळी द्यायची, त्वचारोगतज्ज्ञांकडून अ‍ॅसिट्रेटिनसारखं औषध सुरू करायचं, यकृतात गळू होण्यासारख्या जंतुसंसर्गांवर नजर ठेवायची. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या आईबापांनाही उत्तर मिळतं. ज्या चाचणीने डॉक्टर उद्या वेगळं काही करणार, ती करण्यासारखी.

तुमच्या मुलीचे दुधाचे वीस दात आलेले असतील. उजेडात बसवून बघा: सगळे जागेवर आहेत का, बोटाने हलतात का, हिरड्या फिकट गुलाबी आहेत का, तळहात मऊ आहेत का. सगळं ठीक असेल तर तिला रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या आणि चाचणीचा विषय सोडा. यांतलं काही वेगळं दिसलं, तर या आठवड्यातच दाखवा.

तुम्ही स्वतः किटच्या पैशांत दात साफ करून घ्या, एक ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, काढा आणि एचबीएवनसी करा. बहुधा वर पैसे उरतील. दाढांच्या फटींसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश घ्या, नुसत्या ब्रशने शेंगाचटणीसुद्धा तिथून निघत नाही, जंतू काय निघणार. सफाईनंतर सहा-आठ आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजायचे. भागाकार १ च्या वर आला तर दर तीन महिन्यांनी यायचं, आणि मी वडिलांच्या वयापर्यंत थांबणार नाही, तुमच्या भावंडांनाही बोलावून घेईन. सख्ख्या भावाबहिणींची हिरडी तपासणं हीच आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आनुवंशिक चाचणी आहे. वडिलांचा जुना एखादा एक्सरे घरी कुठे पडला असेल तर येताना तोही आणा, आणि त्यांचे पहिले दात कुठले गेले, पुढचे की दाढा, ते त्यांना विचारून या.